बुडालेल्या गुरुजींचा शोध

वामन चुरी गुरुजींच्या मोबाइलमध्ये ते ॲप शिरलं ते एका बगळ्यामुळे.

पालघरला त्यांच्या सोसायटीच्या आवारात सेक्रेटरी हेमांगीताईंची स्कूटर उभी असते. एका संध्याकाळी तिच्या सीटवर एक बगळा येऊन बसला. बसला म्हणजे साधासुधा नाही. एक पाय पोटाशी, मान ताठ, नजर समोर. आता चावी फिरवली की निघालाच केळव्याला. गुरुजींनी गॅलरीतून हे पाहिलं आणि घराकडे वळून ते मोठ्यांदा म्हणाले, "अगं, लवकर ये! गंमत बघ!"

आत कुणीच नव्हतं. पत्नी जाऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं. गुरुजींना हे ठाऊक होतं, पण जिभेला अजून कुणी कळवलं नव्हतं.

नेमका त्याच वेळी शेजारचा दर्पण उकडहंडीच्या भाजीचा डबा घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवायचा प्रयत्न केला, आणि तो इतका वाईट होता की गुरुजींनाच त्याची दया आली.

"काका, फोन द्या जरा," दर्पण डबा ठेवत म्हणाला.

"कशाला?"

"हल्ली सोबत शोधायची ॲप्स असतात. तुमच्या वयाचे लोकही असतात त्यावर."

"मला सोबत नकोय रे. या वयात कसली सोबत? मला नुसतं..." गुरुजी थांबले. वाक्य पुरं करता न येणं ही शिक्षकाला लाजिरवाणी गोष्ट. पण बगळा स्कूटरवर बसला तर ते सांगायला कुणीतरी असावं, एवढी छोटी मागणी मोठ्या माणसाने तोंडाने कशी करायची?

दर्पणने फोन घेतला.

पहिलं ॲप फुकट होतं आणि तिथेच चुकलं. त्यात एकामागून एक बायकांचे फोटो यायचे. आवडला तर बोट उजवीकडे सरकवायचं, नाही तर डावीकडे. गुरुजींनी पहिला फोटो पाहिला, माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि बोट हवेतच राहिलं. डावीकडे सारायचं म्हणजे समोरच्या बाईला नापास करायचं. आणि गुरुजींनी उभ्या आयुष्यात आठवीच्या आत कुणाला नापास केलेलं नव्हतं. सरकारचा तसा नियम येण्याच्याही आधीपासून. ज्याला काहीच येत नाही त्याला निदान चित्रकलेत तरी काहीतरी येतंच, हा त्यांचा अनुभव. तेव्हा त्यांनी सगळ्यांना उजवीकडे सारलं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बसून सारलं. तिसऱ्या दिवशी ॲपने कळवलं, की आपलं वागणं माणसासारखं नसून यंत्रासारखं असल्याचा संशय आहे, सबब आपलं खातं बंद करण्यात येत आहे.

"मला यंत्र म्हणतात!" गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मग दर्पणने पन्नाशीपुढच्या लोकांसाठीचं एक ॲप शोधलं. नाव 'सांजसोबत'. इथे नियम कडक, खातं उघडायला ओळखपत्र, चेहऱ्याची तपासणी, सगळं. गुरुजींना ते फार आवडलं. जिथे नियम आहेत तिथे माणसं बरी असणार, असा त्यांचा समज. फोटो म्हणून त्यांनी निवृत्तीच्या सत्काराचा लावला: अंगावर शाल, हातात श्रीफळ. ॲपने तो परत पाठवला. फोटोत एकाहून अधिक व्यक्ती आहेत म्हणे. नीट पाहिलं तर खरंच, डाव्या कडेला सभापतींचा अर्धा चेहरा होता. दर्पण म्हणाला, "काका, नवा काढू, शर्टावर." पण शाल-श्रीफळाशिवाय आपल्याला ओळखायचं कशावरून, हा गुरुजींचा प्रश्न. शेवटी सभापतींना कापलं. सेवेत असताना ज्यांच्या केसालाही धक्का लावायची छाती झाली नसती, त्यांना बोटाच्या एका फटकाऱ्यात कापलं, आणि गुरुजींना तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

हा फोटो कापण्याचा उद्योग चालू असताना हेमांगीताई पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला आल्या आणि त्यांनी सगळं पाहिलं. हेमांगीताई मूळच्या सिन्नरच्या. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक जवळचं उदाहरण माहीत असतं आणि ते नेहमी वाईट असतं.

"गुरुजी, माझ्या चुलतसासऱ्यांच्या मित्राने असंच केलं होतं."

"मग?"

"मग काय! भजनी मंडळात नाव घाला त्यापेक्षा. सोबत मिळते, घसाही सुटतो." पण जाताना दारातून पुन्हा वळल्या. "ओटीपी देऊ नका कुणाला. पत्ता देऊ नका. आणि कुणी भेटायला बोलावलं तर आधी मला सांगा. ॲपच सांगतं ना, विश्वासातल्या व्यक्तीला कळवा म्हणून? ती मी."

अशी नेमणूक झाली. अर्ज नाही, मुलाखत नाही.

सांजसोबतवर पहिली आली ती एलिझाबेथ. लंडनची डॉक्टर, केस सोनेरी, मराठी जरा खडबडीत. ती रोज सकाळी विचारायची, "प्रिय, तू खाल्ले का?" आठवड्यात तिने गुरुजींसाठी भेटवस्तूंचं एक पार्सल पाठवलं आणि ते दिल्लीच्या विमानतळावर अडकलं. सोडवायला गुरुजींनी तातडीने मदत करावी, अशी तिची विनंती. गुरुजींनी तातडीने मदत केली. म्हणजे विमानतळावरच्या साहेबांना अर्ज कसा लिहावा ते शिकवलं. विषय कुठे, संदर्भ कुठे, 'महोदय'नंतर स्वल्पविराम, तीन प्रती, पोच घ्यायला विसरू नये. ती म्हणाली अर्ज नको, पैसे. गुरुजींनी समजावलं की असा धीर सोडायचा नसतो, एकदा लिहून तर दाखव, मी तपासून देतो. तिने खरंच चार ओळी लिहून पाठवल्या. गुरुजींनी त्या तपासल्या आणि पुन्हा लिहायला सांगितल्या. तिसऱ्या खेपेला एलिझाबेथने गुरुजींना ब्लॉक केलं.

"काका, ती फसवणारी होती!" दर्पण पोट धरून हसत होता. "तिला तुम्ही कंटाळवलंत!"

"कळलं होतं रे मला," गुरुजी म्हणाले. "पहिल्या दिवशीच."

आणि ते खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप ठेवला, फोन उघडला, आणि आपण खाल्लं की नाही हे आज जगात कुणीच विचारलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. चोरसुद्धा गेला की घर सुनं होतं ते असं.

त्यानंतर ॲपने ढोल-ताशे वाजवल्यासारखा एक निरोप पाठवला. 'अपूर्व योग! आपली आणि हंसा सावे, बोईसर, यांची जन्मतारीख एकच आहे! एक जून!'

गुरुजींना हसू आवरेना. आपल्याकडे त्या पिढीतलं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं. नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली, की तो आभाळाकडे बघायचा. मग गुरुजी लिहायचे एक जून, म्हणजे शाळेचं वर्ष बरोबर बसतं. स्वतः वामन गुरुजींनी अशी कित्येक पोरं एका दिवशी जन्माला घातली होती. तेवढ्यात हंसाबाईंचा पहिला निरोप आला:

"नमस्कार. तुमची तारीख कुठल्या मास्तरांनी ठरवली?"

गुरुजींनी लिहिलं, "एडवणच्या. आई सांगायची, मी होळीच्या दुसऱ्या दिवशीचा."

"मी नारळी पौर्णिमेची. पण हे कुणाला सांगू नका, नोकरी एक जूनवर झाली आहे."

खरी जन्मतारीख अनोळखी माणसाला देऊ नये, असं ॲपच्या सुरक्षा-सूचनांत ठळक अक्षरात होतं. पण दोघांनी देऊन टाकली होती, आणि आता ती परत घेता येत नव्हती.

हंसाबाई तारापूरच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन बोईसरला एकट्या राहत. लिहायच्या थोडं. गुरुजी लिहायचे भरपूर, पण त्यांची एक अडचण होती: हाक काय मारायची? 'ताई' म्हणावं तर राखी बांधून घ्यावी लागेल. 'मॅडम' म्हणावं तर पगारपत्रकावर सही मागितल्यासारखं होतं. नर्सला जगभर काय म्हणतात ते आठवून तर त्यांनी जीभच चावली. शेवटी हाकेविनाच ते सुरुवात करायचे: "आज एक गंमत झाली." मग भाजीवाल्याच्या पाटीत झोपलेलं मांजर, सोसायटीच्या सभेत दोन तास चाललेला एका नळाचा वाद. पलीकडून उत्तर यायचं, "मग?" एवढंच. पण त्या 'मग'साठी गुरुजी दिवसभर डोळे उघडे ठेवून फिरायला लागले. जगात पुष्कळ काही घडत असतं. फक्त ते कुणाला सांगायचं हे माहीत असावं लागतं.

आणि एके दिवशी हंसाबाईंनी लिहिलं: "पूर्वी, माझी मुलगी, पुण्याला कायमची बोलावतेय. मेमध्ये न्यायला येईल. इथलं घर भाड्याने देऊ म्हणते."

गुरुजींनी 'छान' असं लिहिलं. मग ते खोडलं. मग 'नातवंडांत वेळ चांगला जाईल' असं लिहिलं आणि तेही खोडलं. त्यांना विचारायचं होतं एकच, पण ते विचारायचा आपल्याला काय अधिकार? ओळख किती? फोटोतल्या शाल-श्रीफळाएवढी. शेवटी त्यांनी लिहिलं, "त्याआधी एकदा भेटता येईल का?"

"येईल," असं उत्तर आलं.

पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घ्यावी, असा नियम. तो करणाऱ्याने पालघरात कधी शिक्षकी केलेली नसावी. गुरुजी जागा बघायला म्हणून स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात शिरले, तर वेटर पाया पडला. दुसऱ्या हॉटेलचा मालकच म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत? मला पाढ्यांवरून कोंबडा केला होता तुम्ही!" आणि चहाचे पैसे घेईना. केळव्याच्या किनाऱ्यावर तर घोडागाडीवालासुद्धा सातवी ब. तेव्हा हंसाबाईंनीच चिंचणीचा किनारा सुचवला. तिथे गुरुजींना ओळखणारं कुणी नव्हतं.

"समुद्रावर?" हेमांगीताईंनी कपाळाला हात लावला. "तेही अमावास्येला? गुरुजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. त्या बाईंवर थोडा ठेवीन. पण समुद्रावर मुळीच नाही. बिनभिंतींचं धरण ते!" हेमांगीताई पालघरात इतकी वर्षं राहून समुद्रावर दोनदाच गेलेल्या आणि दोन्ही वेळा भरती. त्यांनी गुरुजींच्या फोनमध्ये लाइव्ह लोकेशन चालू केलं. आता गुरुजी जातील तिथे त्यांचा निळा ठिपका नकाशावर जाणार आणि हेमांगीताई तो बघणार. शिवाय त्या दिवशी त्यांना बोईसरला मावसबहिणीकडे जाण्याचं अचानक काम निघालं.

हंसाबाई किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली उभ्या होत्या. फोटोपेक्षा बुटक्या, फोटोपेक्षा हसऱ्या.

"शाल नाही आणली?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी वर्गात शिरताना करावा तसा शिस्तीने फोन मुका केला आणि खिशात ठेवला.

अमावास्येची ओहोटी आमच्या किनाऱ्यावर काय असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी समुद्र जणू आपलं बिऱ्हाड उचलून गुजरातेत गेलेला असतो. जिथे दुपारी पुरुषभर पाणी, तिथे ओली, घट्ट, आरशासारखी वाळू, लांबच लांब. दोघं चपला-बूट हातात घेऊन चालत निघाली. बोलायला इतकं होतं की किनारा मागे कधी राहिला ते कळलं नाही. वाटेत खेकड्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती. गुरुजी खाली वाकले. खेकडा वाळू तोंडात घेतो कशी, त्यातलं अन्न काढून गोळी टाकतो कशी, हे त्यांनी बोटाने दाखवत सांगितलं. हंसाबाई गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या.

हे 'मग' गुरुजींनी पहिल्यांदाच कानाने ऐकलं. दोघं एका खडकावर बसली. आता विचारू, असं गुरुजींनी ठरवलं. घसा खाकरला. पुन्हा खेकड्यांवर आले.

इकडे बोईसरला हेमांगीताईंच्या हातातला चहा हातातच राहिला. निळा ठिपका किनारा ओलांडून समुद्रात शिरला होता. नकाशाला ओहोटी ठाऊक नसते. त्याच्या लेखी समुद्र तो समुद्र. ठिपका आत गेला, आणखी आत गेला, आणि खोल निळ्यात एका जागी थांबला. फोन उचलत नाहीत. हेमांगीताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "गुरुजी समुद्रात आहेत. हालचाल नाही." मग कारखान्यात दर्पणला फोन केला. दर्पणने मशीनच्या खडखडाटात जेवढं कळलं तेवढं वरोरच्या आपल्या मावससासूला, नर्मदामावशीला, कळवलं. वरोर तिथून जवळ, आणि मावशीचा जन्म मासळीत गेलेला. मावशी दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघाली.

"ओ भाऊ!" खडकावरच्या जोडप्याला तिने लांबूनच हाक दिली. "हतं कोनी म्हातारा बुडताना बगितला काय तुमी?"

गुरुजी ताडकन उठले. "बुडाला? कोण?"

"पालघरचा कोनतरी मास्तर हाय. रिटायर झालेला."

"अरेरे!" गुरुजी कळवळले. "आमच्यातलाच कुणी. उंच आहेत का? चष्मा?" त्यांना एकदम आठवलं. "राऊत मास्तर तर नव्हेत? त्यांना पोहता येत नाही हो!" आणि त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "चला, मी येतो. कुठल्या बाजूला बघायचं?"

हंसाबाई खडकावरच बसून होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"नाव ठावं नाय," मावशी म्हणाली. "फोटू धाडलाय जावयानं." तिने फोन लांब धरला, डोळे बारीक केले, फोटोकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. शाल नव्हती, नारळ नव्हता, म्हणून थोडा वेळ लागला. "अरे देवा! ह्यो तर तुमीच!"

"मी?"

"बुडाला पानी तरी हाय काय हतं? पाय धुवाचा तरी फर्लांगभर जावा लागल! आमची होडी चिखलात बसलीय आन् मास्तर बुडतंय!" असं म्हणून मावशी दोराच्या भेंडोळ्यावरच बसली आणि हसायला लागली.

तेवढ्यात किनाऱ्याकडून हेमांगीताई आल्या. मागे मावसबहीण, तिचे यजमान आणि रिक्षावाला. हेमांगीताईंची एक चप्पल वाटेत चिखलाने ठेवून घेतली होती.

"गुरुजी!" त्या किंचाळल्या. "तुम्ही जिवंत आहात?" त्यात आनंद होता, पण तक्रारही होती.

गुरुजींनी खिशातून फोन काढला. ग्रुपवर तोवर शाल-श्रीफळाच्या त्याच फोटोभोवती फुलं आली होती. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'एक हाडाचा शिक्षक हरपला.' गाडी लावण्याच्या जागेवरून वर्षभर गुरुजींशी न बोलणाऱ्या तळमजल्यावरच्या माणसाने लिहिलं होतं, 'देवमाणूस.' गुरुजींनी ते सगळं सावकाश वाचलं. एवढं चांगलं बोलायला लोकांना आपला ठिपका बुडावा लागला, याचं त्यांना वाईट वाटलं. पण त्याहून वाईट वाटलं ते आजूबाजूच्या गर्दीकडे बघून. मेच्या आत पुन्हा अशी संध्याकाळ मिळणार नव्हती. विचारायचं राहिलं होतं आणि आता ते राहणारच. त्यांनी दुमडलेली पँट खाली सोडली. ती चिखलाने भरली होती.

हंसाबाई उठल्या. पदर झटकला.

"तुम्ही यांच्या कोण?" त्यांनी हेमांगीताईंना विचारलं.

"मी विश्वासातली व्यक्ती," हेमांगीताई म्हणाल्या.

"बरं झालं आलात. इतकी धावाधाव करणारं माणूस हवंच. आता एक करा, सगळ्यांना घेऊन थोडं तिकडे व्हा. ह्यांना मला काहीतरी विचारायचंय. मघापासून खेकड्यांवरच अडकलेत."

हेमांगीताईंनी तोंड उघडलं, पण इतकी वर्षं रोग्यांच्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलेला तो आवाज होता. गर्दी मागे सरली. नर्मदामावशीसुद्धा दोर गोळा करून उठली. पायांनी मागे सरले सगळे. कान मात्र होते तिथेच राहिले.

गुरुजी उभे होते. आयुष्यभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की प्रश्न विचारायला लाजू नका, चुकला तरी चालेल. आता कळलं, मुलं का लाजतात ते.

"पुण्याला," ते म्हणाले, "गेल्यावर... परत येणं... होईल का कधी?"

लांबवर पाण्याची एक बारीक रेघ चमकायला लागली होती. हंसाबाई तिच्याकडे बघत होत्या.

"मुलीकडे जायला तर हवं," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं मन मोडवत नाही. जायचं तिकीट तिने काढलंय." मग गुरुजींच्या चिखलाने भरलेल्या पँटकडे पाहून हसल्या. "परतीचं मी काढणार आहे."

एवढं बोलून त्यांनी चपला उचलल्या आणि त्या रिक्षावाल्याला घेऊन निघाल्या; त्याला आता बुडालेल्यापेक्षा भाड्याची काळजी लागली होती. गुरुजी रिक्षा सुरूच्या झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. नंतरही थोडा वेळ बघत राहिले.

गर्दी परत जवळ आली.

"काय म्हणाल्या हो?" हेमांगीताईंनी विचारलं. "सांगा मला. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"काय बोलली रं मास्तर?" नर्मदामावशी म्हणाली. "हाय का नाय?"

"पाणी भरायला लागलंय," गुरुजी म्हणाले. "चला."

सगळे बडबड करत पुढे निघाले. हेमांगीताई आपली चप्पल कुठे रुतली होती ते शोधत होत्या, मावशी त्यांना दोर देऊ करत होती. सगळ्यांच्या मागून गुरुजी येत होते, अगदी सावकाश. काठोकाठ भरलेली घागर एकट्याने न्यावी, आणि तिच्यातला थेंबही सांडू नये, तसे.